उमापूरच्या बोअरमधली गुळाची कडी

बीड जिल्ह्यात चार दिवस राहून आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं विचारतात, तिथं काय आहे बघायला? आमच्या सोसायटीतल्या एक भाविक काकू तर अंबाजोगाईचा प्रसाद मागायला दारात आल्या. त्यांना काय सांगणार? मी अंबाजोगाईला गेलेच नाही. मी साडेसहा इंच रुंदीचं एक भोक बघायला गेले होते आणि जवळजवळ सगळा वेळ त्याच्या काठावर बसून होते. तरी आजवरच्या सगळ्या सहलींमध्ये हीच मला पुन्हापुन्हा आठवते.

आधी माझा धंदा सांगायला हवा. चाकणजवळच्या एका लहान कारखान्यात आम्ही विरघळणारी अवजारं बनवतो. हे ऐकून लोक हसतात, पण खनिज तेलाच्या विहिरीत त्यांचा मोठा उपयोग असतो. जमिनीत खूप खोल गेलेल्या त्या विहिरीत काही काळापुरतं बूच मारावं लागतं. काम झालं की ते बूच काढायचं कोणी आणि कसं? म्हणून ते अशा मिश्रधातूचं करतात की खालच्या गरम, खाऱ्या पाण्यात ते हळूहळू विरघळून जातं. काम संपलं की आपणहून नाहीसं होणारं अवजार. बुचांसारख्याच विरघळणाऱ्या कड्याही आम्ही करतो. माणसांत हा गुण फार कमी सापडतो, असं मी नव्या लोकांना शिकवताना नेहमी म्हणते.

आमच्याकडे लेथवर अंकुशराव आहेत, चाळिशीचे, मूळचे गेवराई तालुक्यातले. दसऱ्यानंतर एक दिवस ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांची बहीण सुमन उमापूरच्या पुढे एका वस्तीवर राहते. तिच्या बोअरमधली मोटार दुरुस्तीसाठी वर काढताना पाइपाचा जोड निसटला, दोर तुटला आणि मोटार खाली जाऊन बसली. वरचा तुटका पाइप तिरका होऊन भिंतीला टेकल्यामुळे तिला वरून पकडता येईना. बाजूच्या फटीतून आकडा मोटारीच्या खाली न्यायचा आणि तिथे तो उघडायचा, एवढा एकच मार्ग उरला होता. "मॅडम, आपली कडी त्या आकड्याला बांधली तर?" अंकुशरावांनी विचारलं. "खाली जास्तोवर मिटलेला राहील, कडी विरघळली की उघडंल."

कल्पना मला इतकी आवडली की मी साहेबांकडून तपासणीत नापास झालेल्या दोन कड्या मागून घेतल्या आणि रजा टाकली.

मांजरसुंबा

पुण्याहून उमापूरला जाताना मांजरसुंबा वाटेत लागत नाही. पण बोअरमधल्या मोटारी काढणारे बाबूमिस्त्री तिथल्या एका धाब्यावर भेटणार होते, म्हणून आम्ही वाकडी वाट केली. चारी दिशांच्या गाड्या तिथे थांबतात, त्यामुळे शेवभाजीच्या तर्रीला आणि हॉर्नना खंड नसतो. मी चिपळूणची. आमच्याकडे तिखट म्हणतात त्याला इथली माणसं गोडाचं म्हणतील. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला कान तापले, आणि पुढचं मी हट्टाने संपवलं. नंतर मागवलेल्या रबडीला मात्र मी मनापासून नमस्कार केला.

बाबूमिस्त्री आमच्याच टेबलावर येऊन बसले आणि त्यांनी आजवर काढलेल्या मोटारींची वर्णनं सुरू केली. कुठली मोटार किती खोल होती, कोण कोण हात टेकून गेले होते आणि मग यांनी ती कशी काढली. एकही मोटार हातची सुटल्याची गोष्ट त्यांत नव्हती. माझी कडी त्यांनी बोटात अंगठीसारखी फिरवून पाहिली, परत दिली आणि म्हणाले की आम्ही हेच काम गुळावर करतो.

मला वाटलं थट्टा करताहेत. तशी ती नव्हती. त्यांच्या आकड्याला स्प्रिंगची दोन पाती असतात. ती मिटवून त्यांच्यावर गुळाची कडी बसवायची आणि आकडा खाली सोडायचा. पाण्यात गूळ विरघळला की पाती फाकतात आणि मोटारीच्या बुडाखाली अडकतात. वर एक रिवाज असा, की गूळ मिस्त्रीने आणायचा नाही. ज्याचं पाणी, त्याच्याच घरचा गूळ लागतो. कावून, म्हणून अंकुशरावांनी विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, "पानी घरच्याला वळखतं." मी चाकणच्या कारखान्यातली बाई, अशा गोष्टींना मान डोलावत नाही. पण तीच युक्ती, तीच कडी, आणि माझ्या धातूच्या जागी गूळ, हे ऐकून मला फार आनंद झाला. दूरचा नातेवाईक अचानक भेटावा तसं वाटलं.

वस्ती

उमापूर मोठं गाव आहे, पण वस्ती त्याच्या पुढे, मुरमाड चढावर. खाली काळी जमीन, ऊस, कापूस. चढावर मात्र बोअर असेल तर हिरवं, नाहीतर दगड. सुमनबाईंचा एक एकर तुतीचा तुकडा तेवढा हिरवा दिसत होता. बाजूला पत्र्याचं लांबट शेड, त्यात रेशमाच्या अळ्या.

मला अळ्या बघायची घाई झाली होती आणि मी सरळ शेडमध्ये शिरायला गेले. सुमनबाईंनी मला दारातच धरलं. डासांसाठी मी हातापायांना मलम चोपडलं होतं आणि त्याचा वास अळ्यांना चालत नाही. बोअर बंद, पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं, आणि त्यातला अर्धा तांब्या माझे पुणेरी हात धुण्यात गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र हसत होत्या आणि साबण पुरे झाला का म्हणून विचारत होत्या.

आत गेल्यावर बोलणं थांबलं. मांडणीवर तुतीच्या फांद्या आणि त्यांवर हजारो पांढऱ्या अळ्या, सगळ्या एकाच वेळी खात होत्या. शेजारच्या खोलीत कुणी कागद चुरगाळत बसल्यासारखा बारीक आवाज येत होता. सुमनबाई आवाज न करता पाला पसरत होत्या. या अळ्यांपुरता पाला शेतात उभा होता. पण छाटणीनंतर तुतीला पाणी मिळालं नाही तर पुढची बॅच धरता येणार नव्हती, आणि पुढची बॅच नाही म्हणजे ऊसतोड.

त्याबद्दल त्या रात्री जेवताना मला कळलं. बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा होता. मला तिखट सोसत नाही हे अंकुशरावांनी बहिणीला आधीच सांगितलं असावं, कारण माझ्या ताटात दह्याची वाटी आपोआप आली. सुमनबाईंचं लग्न झालं तेव्हापासून प्रत्येक हिवाळा त्यांनी उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत काढला होता. मुलगी आजीकडे, गावच्या शाळेत. गेल्या वर्षी रेशमामुळे पहिल्यांदा त्या घरी राहिल्या. यंदा मोटार पडली आणि ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचे फोन सुरू झाले. परवा तो उत्तर घ्यायला येणार होता. नवरा रामकिसन, मितभाषी माणूस, म्हणत होता की हो म्हणून टाकावं. पाण्याचा भरवसा नाही, फडाचा आहे.

"ताई, मला लई काय नको," भांडी आवरताना सुमनबाई म्हणाल्या. "थंडीत माझ्या घरात निजायचंय. लेकीला उठवायचं, तिची वेणी घालायची. फडावर गेलतो तवा तिचा दात पडल्याला बी मला फोनवर कळालं."

मला आई म्हणून जे वाटलं ते सांगायला मला लाज नाही. मी अंधारात जाऊन थोडी रडले आणि परत येऊन कामाला लागले.

काम म्हणजे परीक्षा. एका पेल्यात लांबच्या विहिरीवरून आणलेलं साधं पाणी घेऊन त्यात माझी एक कडी टाकली. दुसऱ्या पेल्यात मिठाचं गरम पाणी घेऊन दुसरी. खाऱ्या पेल्यात लगेच बुडबुडे उठले. साध्या पेल्यातली कडी मुकाट बसून राहिली.

दुसरा दिवस

सकाळी खाऱ्या पेल्यातल्या कडीचा राखाडी गाळ झाला होता. गोड्या पाण्यातली अजून इतकी धडधाकट होती की तिच्यावर कारखान्याचा शिक्काही वाचता येत होता. बोअरमधलं पाणी थंड आणि गोडं. तिथे ती विरघळायला किती दिवस लागतील याचा नेम नव्हता. आमच्याकडे दिवस नव्हते.

यावर उपाय मला माहीत होता. बोअरमध्ये मीठ ओतायचं. मी तसं सांगितलं आणि हेही सांगितलं की मोटार निघाली की ते पाणी उपसून टाकता येईल.

"आन् न्हाई निघाली तर?" सुमनबाईंनी विचारलं. "मग खारं पानी कशानं उपसायचं? तुतीला मीठ न्हाई चालत, ताई."

त्यांचं बरोबर होतं. माझा उपाय मोटार निघेल असं धरून चालला होता, आणि मोटार निघण्याचीच तर शंका होती. मी उरलेली कडी रुमालात बांधून पिशवीच्या तळाला टाकली. तिच्यावर मला राग आला होता. इतक्या लांब आणलं आणि बाईसाहेबांना खारं पाणी हवं.

मग गुळाची पाळी आली. सुमनबाईंनी आतून एक ढेप आणली. पिवळीधमक, मऊ, कापली तर सुरीला चिकटणारी. गेल्या हिवाळ्यात गुऱ्हाळावरून खास आणलेली, दिवाळीसाठी राखून ठेवलेली. पाण्यासाठी द्यायचा गूळ घरातला सर्वांत चांगला हवा, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आमच्या कोकणात पाहुण्याला पन्हं देतानाही गूळ निवडून घेतात, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मिस्त्रींनी गूळ आटवून साच्यात ओतला. कडी बादलीत टाकून बघूया का, असं मी सुचवलं, त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जन्मभर गुळावरच वाढलेल्या माणसाला गूळ म्हणजे काय ते समजावत होते.

बोअरवर तीन पायांची लोखंडी घोडी उभी राहिली. कप्पीवरून तारेचा दोर खाली गेला. मिस्त्री बोट दोरावर टेकवून खालची हालचाल ओळखत होते आणि रामकिसन, अंकुशराव दोर सोडत होते. अर्ध्या वाटेवर दोर थरथरला आणि थांबला. खाली जाईना, वर येईना.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. आकडा मध्येच उघडून भिंतीत रुतला होता. तो निघाला नाही तर मोटारीवर आकडा, आकड्यावर दोर, आणि बोअर कायमचा गेला. "हळू ओढ ना बे," ते रामकिसनला म्हणाले, आणि त्यांचा आवाज कालच्या धाब्यावरचा नव्हता. कितीतरी वेळ ढील दे, ताण दे चाललं होतं. सुमनबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. शेवटी आकडा सुटला आणि वर आला. एक पातं वाकलं होतं, गुळाची कडी गायब होती आणि पात्यांवर नुसता चिकटा राहिला होता.

ऊन डोक्यावर होतं. सुमनबाईंनी आतून आरसा आणला आणि त्यात सूर्य धरून उजेडाचा झोत बोअरमध्ये सोडला. विजेरीपेक्षा याने कितीतरी चांगलं दिसतं. आम्ही आळीपाळीने वाकून पाहिलं. मोटारीच्या बऱ्याच वर, एका जागी भिंत ओली होती आणि थेंबथेंब पाझर खाली पडत होता. तिथून जाताना पाणी वरून कडीवर पडलं आणि मऊ गूळ वाटेतच विरघळला.

"म्हंजी माज्या चांगल्या गुळानं घात केला," सुमनबाई म्हणाल्या.

मिस्त्री नको नको म्हणत होते, चूक माझी, मी तपासायला पाहिजे होतं. ते खरंही होतं, आणि ते त्यांनी चारचौघांत म्हटलं याबद्दल मी त्यांच्या सगळ्या बढाया माफ केल्या. पण सुमनबाई तिथेच मातीत बसल्या. चांगलं दिलं म्हणून काम बिघडलं, हे त्यांना समजत होतं आणि पटत नव्हतं. रामकिसनने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

तिसरा दिवस

सकाळी न्याहारीला धपाटे आणि लोणी होतं. बोलायला सुरुवात मिस्त्रींनी केली. जुना, काळा, दगडासारखा गूळ मिळाला तर तो पाझरातून तरून जाईल. तसा गूळ घरात होता. गोठ्यात, गाय व्याली की तिला चारायला ठेवलेला.

सुमनबाई उठल्या नाहीत. जनावराचा गूळ पाण्याला कसा द्यायचा, एवढंच त्या म्हणाल्या. कुणी त्यांना समजवायला गेलं नाही. रिवाज त्यांच्या घरचा होता, मोडायचा की नाही ते त्यांनीच ठरवायचं होतं. थोड्या वेळाने त्या गोठ्यात गेल्या आणि काळा खडा घेऊन आल्या. त्याला त्यांनी आधी हळदकुंकू लावलं. मिस्त्रींनी खडा फोडायला हातोडी मागितली, इतका तो कडक होता.

आता मलाही काही सुचलं होतं. आमच्या कारखान्यात एखादं बूच उशिरा विरघळायला हवं असेल तर त्याच्यावर पातळ लेप देतात. इथे पाणी दोन वाटांनी येत होतं. पाझराचं वरून, आणि मोटारीजवळचं साठलेलं सगळीकडून. मग कडीची वरची बाजू आणि कडा मेणाने झाकल्या आणि बूड उघडं ठेवलं तर? वरून पडणारे थेंब मेणावरून ओघळून जातील. साठलेल्या पाण्यात बुडाली की ते खालून आत शिरेल. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, थोडा वेळ कान खाजवला आणि मेणबत्ती मागितली. वीज जाण्याच्या प्रदेशात मेणबत्त्यांना तोटा नसतो.

या खेपेला आम्ही दोन कड्या केल्या आणि एक आधी तपासली. अंकुशराव तिच्यावर तांब्यातून धार धरून उभे राहिले, मग बादलीत बुडवली. धारेखाली कडी टिकली. बादलीत चहा होऊन पिऊन होईपर्यंत तशीच होती आणि मग हळूच मधोमध तुटली. मिस्त्रींनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ होतं.

दुसरी कडी आकड्यावर बसली. दोर पुन्हा खाली सुटला. पाझराची जागा आली. दोर पुढे गेला. मोटारीच्या बाजूने घसरत, घासत, थांबत शेवटी आकडा तिच्या खाली उतरला आणि मिस्त्रींनी हात वर केला. आता फक्त वाट पाहायची होती. हे मी तेलविहिरीवरही पाहिलंय. सगळ्यांत कठीण काम म्हणजे काही न करणं. कुणी तंबाखू मळली, कुणी आभाळ पाहिलं. सुमनबाई दोराजवळ उकिडव्या बसल्या आणि त्यांनीही त्यावर एक बोट टेकवलं.

"उघडलं," त्या म्हणाल्या. मिस्त्रींच्या आधी.

मग ओढणं. दोर जड झाला होता. पाण्याने काळवंडलेला तुटका पाइप आधी बाहेर आला, मग मोटारीचं तोंड, मग चिखलाने माखलेली पूर्ण मोटार, आणि तिच्या बुडाखाली दोन पाती घट्ट मिठी मारून. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण सगळे इतके गप्प होते की मी हात मांडीखाली घेतले. मिस्त्री मोटारीवरचा चिखल पुसत होते आणि डोळे पुसत होते, एकाच फडक्याने.

बोअर मोकळा झाला होता. मिस्त्रींनी मोटार तपासून ती शाबूत असल्याचं सांगितलं. नव्या पाइपावर ती संध्याकाळपर्यंत परत खाली गेली. पहिल्यांदा गढूळ, मग भुरकं, मग स्वच्छ पाणी तुतीच्या सरीत शिरलं. रामकिसन पाट मोडून पाणी वळवत पुढे पुढे जात होता आणि त्या मितभाषी माणसाच्या तोंडून शीळ ऐकू येत होती.

मुकादम त्याच वेळी मोटारसायकलवर आला. माणूस वाईट नव्हता. चहाचा कप घेऊन बांधावर बसला, पाण्याबद्दल बरं बोलला, माझी चौकशी केली. मग म्हणाला की पाण्याचं काही सांगता येत नाही, आज आहे उद्या नाही, आणि गाडी दोन दिवसांनी निघणार आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो कोयता येणार की नाही हे तो दर वर्षी रामकिसनला विचारत असे आणि रामकिसन सांगत असे.

रामकिसनने फावडं जमिनीत रोवलं. मला वाटलं तो आता हो म्हणेल, कारण कालपर्यंत त्याच्या मनात तेच होतं.

"कोयत्याला दोघं लागत्यात," तो म्हणाला. "तुमी दर साली एकालाच इचारता. तिला इचारा."

मुकादमाने कप खाली ठेवला. सुमनबाई सरीत घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्यांनी हातातली माती धुतली, पदराला हात पुसले आणि मुकादमाकडे सरळ बघत म्हणाल्या, "यंदा मी घरी हाय."